शीर्षाबाहेर

साडेदहाची ग्रामसभा, पावणेबाराला कोरम.
मी, उल्का गांवस, पंचायत सचिव,
दिल्लीहून आलेला हप्ता वाचून दाखवते:
शंभरातले साठ बंधित, चाळीस मोकळे.

बंधित म्हणजे? बोस्त्यांव विचारतो.
मानशीची दारं त्याच्याकडे,
भरतीला लावायची, ओहोटीला उघडायची.
मी म्हणते, फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी.
मग बांध फुटून शेतात शिरलं ते काय, दूध?
सभा हसते. इतिवृत्तात हसू लिहीत नाहीत.

नियमपुस्तिकेतलं पाणी नळाचं असतं, नाहीतर पावसाचं.
चंद्राच्या हिशेबानं चढणारं,
कोरगुटीच्या मुळाशी मीठ ठेवून जाणारं
कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही.
आणि मोकळे चाळीस
रस्त्यावरचे दिवे केव्हाच पिऊन बसलेत.

सूत्र मांडणाऱ्याला मी नावं ठेवत नाही.
लाखो गावं. तोंड पाहून वाटायचं म्हटलं
तर वाटणारा सोयऱ्यांपासून सुरुवात करतो.
म्हणून त्यानं डोकी मोजली, थोडी जमीन मोजली,
आणि डोळे मिटून घेतले. मीही तेच केलं असतं.

पण आमची डोकी जुन्या शिरगणतीत आहेत:
कुलासोंची सात, त्यातली सहा लिस्बनला, एक मातीत.
भाड्याच्या खोल्यांतली चाळीस माणसं,
ज्यांचा कचरा मी दर मंगळवारी वजन करून घेते,
ती कागदावर अजून घाटापलीकडेच राहतात.

कनिष्ठ अभियंता पूर्णानंद च्यारी
माझ्या कानाशी वाकून म्हणतो,
बाई, बांधाला ‘जलसंवर्धन’ म्हणा. सगळे म्हणतात.
संगणकावर यादी उघडते. एकच निवडायचं.
‘इतर’ नाही.
खारं पाणी बाहेर ठेवणं
हे गोड्या पाण्याचं संवर्धनच की,
मी स्वतःला समजावते. बोट बटणावर.

‘नांव कितेंय घाल, बाय,’ बोस्त्यांव उठत म्हणतो,
‘पुनव बिरेस्तारा.’
चार दिवस. मंजुरीला चार महिने,
तेही फाईल आजारी पडली नाही तर.

ठराव सातवर त्याची सही राहिली.
बाहेर ओहोटी लागली होती,
आणि दारं उघडायला दुसरं कोणी नव्हतं.

उपस्थितांत एक कमी.
कोरम मोडला का, हे मी मोजलं नाही.