खालचं पांढरं

सव्वीस वर्षं मी नववीला शिकवत आलो:
विरोध. प्रश्न तिसरा, गुण चार.
लालाशेजारी हिरवा ठेवा,
उजेडाशेजारी सावली,
काळ्या फळ्यावर खडूचा पांढरा.
पोरं लिहून घेत. माझाही विश्वास होता.

मग पार्स्यात देवळाची पाठभिंत सोलवटली
आणि कमिटीने डिचोलीहून लाडको च्यारीला आणलं,
कावी येणारा आता तोच म्हणे.
मला म्हणाले, मास्तर, सुट्टीच आहे,
पाणी मारायला या.

शिंपल्यांचा चुना, गुळाच्या पाण्यात कुजवलेला,
आंबूस, नाकात बसणारा.
त्यावर तांबड्या मातीचा लेप,
नुकत्या कापलेल्या चिऱ्यासारखा ओला.
सगळी भिंत तांबडी.
मी विचारलं, पांढऱ्याचा डबा कुठे ठेवलाय?

लाडकोच्या ओठांत न पेटवलेली विडी.
"धवें घालपाचें न्हय, मास्तर.
तांबडें काडपाचें."

आणि टोचा टेकवला.
किस खाली पडत गेला, माझ्या चपलांवर,
आणि वर घोडा.
पांढरा म्हणावा, तर पोटाखाली सावली तांबडी
आणि तिच्यात गवत पुन्हा पांढरं;
तांबडा म्हणावा, तर मग ही आयाळ कुणाची?
मी मागे सरलो, पुढे आलो.
कुठला रंग मागे आणि कुठला पुढे
ते भिंत सांगेना.

ऊन चढलं. लेप दुपारपर्यंतच मऊ राहतो.
टोचा माझ्या हातात देत तो म्हणाला, शेपूट तुमचं.
माझा हात घसरला.
शेपटापासून थेट आभाळात एक ओरखडा,
लख्ख.
फळा असता तर डस्टर होतं.

तो काही बोलला नाही.
विडी कानावर ठेवली, बराच वेळ बघितलं,
मग ओरखड्याच्या बाजूला आणखी दोन ओढले,
एक लांब, एक अर्धवट,
आणि वारा सुटला.

संध्याकाळी नदीतल्या गोट्याने भिंत घासत
आम्ही दोघे गप्प.
रात्री पेज खाताना बोटं पाहिली:
साबण झाला, नारळाची शेंडी झाली,
माती निघाली नाही.

सोमवारी नववी ब.
मी फळ्यावर खडू टेकवला
आणि काहीच ओढेना.
मागच्या बाकावरून सुलक्षा म्हणाली,
सर, तुमच्या नखांत काय आहे?