हातचा एक

टेबलावर दोन कागद आहेत.
एक कन्नडमध्ये, गोल शिक्क्याचा:
अतिथी शिक्षिका, सरकारी मराठी शाळा, तालुका खानापूर,
जून ते मार्च.
हेडमास्तर मुतगेकर सरांनी कोराच आणून दिलाय,
नावाची जागा रिकामी,
सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.
दुसरा इंग्रजीत, उद्यमबागेतल्या कारखान्याचा.
हायड्रॉलिक सिलिंडर बनवतात तिथे,
स्टोअरकीपर हवी आहे, शनिवारपर्यंत कळवा.
मी दोन्ही मनातल्या मनात मराठीत वाचते.

मुलाखतीत हिरेमठ साहेब म्हणाले,
"नोडरी बाई, सहा महिने प्रोबेशन, आमेले खायम."
खायम.
आपलाच कायम, जरा घशातून काढलेला.
पाट्यांवरून भांडणाऱ्या दोन भाषांचं
इथे मात्र एकमत आहे.
पगार त्यांचाही पगार,
तात्कालिक त्यांचंही तात्कालिक.

आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
पण आई, यातलं हातचं कुठलं?
आठ वर्षं दर मार्चला शाळा हातातून पळते
आणि जूनला कुणीतरी तिला धरून आणतं.
आणि बाबा तर कायम होते. सतरा वर्षं.
गेटला कुलूप लागलं त्या दिवशीही ते कायमच होते,
कारखाना तेवढा तात्कालिक निघाला.

तरी मला हवंय ते. खोटं कशाला बोलू?
मे महिन्यातही पगार हवाय.
मे महिन्यात मी आईच्या चिठ्ठीतली अर्धीच औषधं घेते
आणि दुकानदाराला सांगते, बाकीची घरात आहेत.
आणि स्टोअर मला आवडलंही, हे कुणाला सांगितलं नाही.
रबरी सीलच्या रिंगा, मापाप्रमाणे,
प्रत्येकीला खण, खणाला नंबर,
एक घेतली की एक वजा.
तिथे कुणी रडत नाही, कुणाला शी लागत नाही.

परवा खानापूरच्या बाजारात भरमाणी दिसला,
करवंदांची पाटी घेऊन, बोटं चिकानं काळी.
मोठं माप पस्तीस, छोटं पंचवीस.
दोन्ही दे म्हटलं.
"पन्नास झाले बाई."
मी साठ दिले.
त्यानं दोनदा मोजले. "धा जास्ती हाईत."
"हातचा कुठे गेला रे?"
कपाळावर हात मारून घेतला त्यानं,
कपाळावर काळी पाच बोटं.
वर्षभर तेच. एकं बरोबर, दहं बरोबर,
मधला एक कुठेतरी वाटेत सांडलेला.

मग म्हणाला,
"जूनला येऊलालासा न्हवं बाई?"

दरवर्षी सगळे विचारतात, दरवर्षी मी म्हणते, बघू.
ते खरंच असतं, म्हणून सोपं असतं.
यंदा पहिल्यांदाच ठाम काही सांगता आलं असतं.
मी म्हटलं,
ऊन फार आहे, जरा सावलीला सरकून बस.

आज शुक्रवार, रात्रीचे अकरा.
आई झोपली. करवंदं संपली, वाटी जांभळी.
इंग्रजी कागदावर सही केली,
पूर्ण नाव, आडनावासकट,
बँकेत करतात तशी.
हात थरथरला नाही, याचंच थोडं वाईट वाटलं.

मग दुसरा कागद ओढला.
पेन्सिलीची फुली खोडली, बेतानं,
कागद फाटू नये म्हणून.
यावर आता दुसरं कुणी सही करील.
ती कोण, कुठली, तिला बस कुठून धरावी लागेल,
मला माहीत नाही.

फुलीचा भुगा फुंकून टाकला
आणि वर, कोपऱ्यात, पेन्सिलीनंच, बारीक लिहिलं:
भरमाणी, चौथी.
हातचा विसरतो.