एकवीस दिवस

इसराइल मिस्त्रीनं भिंतीवर टिचक्या मारल्या,
डॉक्टर छातीवर मारतो तशा,
कान लावला, म्हणाला,
"ह्या भितीत जीव नाई राहिला बाई.
पाडाची तं सगळी पाडा.
अर्ध्यात राहासान
तं भाकरीसंग मातीच खासान."

देवानंद विटांचा हिशेब दारावर मांडत होता, खडूनं.
ते दारही निघणारच होतं.
"गुराच्या दवाखान्याचं क्वार्टर खाली हाये," तो म्हणाला,
"आठशे महिना. डॉक्टर काई येत नाई तिथं राहाले."

आठशे म्हणजे आठ ब्लाउज,
अस्तराचे असले तर पाच.
मी मनातल्या मनात शिवून टाकले.

पण बोलले वेगळंच.
म्हटलं, मधल्या खोलीत आढ्याला टेकलाय कापूस,
तो कुठं न्यायचा?
"आठ दिवसांत भाव वाढते, मंग देऊ."
हे आठ दिवस दिवाळीपासून चालू आहेत.

तट्ट्यापलीकडून बेबीताई म्हणाली,
"घर सोडू नोको माय.
डोयासमोर असलं तं थापी हालते,
नाई तं चायच पेतात हे लोकं."
दारव्ह्याहून भावाचा फोन:
पोट्टीची दहावी, घरात सिमेंट, अक्कल हाये का?
आचल काही बोलली नाही.
तिनं पुस्तकं केव्हाच युरियाच्या थैलीत भरली होती,
विज्ञान तेवढं बाहेर.

अन् मशीनच्या खाली, चिंध्यांच्या टोपल्यात
खुडूक कोंबडी, अकरा अंड्यांवर.
सहावा दिवस.
जागा हलवली की ती अंडी टाकून उठते,
गावात कुणालाही विचारा.
म्हटलं, पिल्लं निघेस्तोवर मी इथून हलत नाही.
देवानंदनं खडू खाली ठेवला.
मिस्त्री हसला, "कोंबडीपायी थांबलेलं
हे माह्यं पयलंच काम."

खरं कुणालाच सांगितलं नाही.
त्याच सोमवारी चिंचा वेचायचं निमित्त करून
मी ते क्वार्टर पाहून आले होते,
खिडकीच्या गजांना नाक लावून.
दोन खोल्या. आत नळ.
भिंतीवर गाईच्या पोटाचं चित्र, चार कप्प्यांचं,
एका कप्प्यावर बुरशी.
मागच्या बाजूला पळस, पान नाही, फुलंच.
अन् भिंतींना एकही खिळा नाही.

आमच्या घरात खिळे आहेत.
हा सासऱ्यांच्या कंदिलाचा. कंदील गेला, खिळा आहे.
हा नणंदेच्या छत्रीचा.
तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली.
मी नवी आले तेव्हा टेपसाठी जागा मागितली
तर म्हणाले, याच्यावरच लटकव.
टेप अजून छत्रीच्याच खिळ्याला आहे.

तिथं गजांशी उभी राहून
वाटलं, दोन महिने.
मग वाटलं,
दोनच?
या दुसऱ्या वाटण्यानं मी घाबरले,
ओच्यात चार चिंचाही न घेता घरी आले
अन् कोंबडीआड लपले.

एकविसाव्या दिवशी नऊ निघाली.
दोन अंडी कानाशी हलवली, पाण्यासारखी वाजली.
कापूस आदल्याच दिवशी गेला, भाव न वाढता.
आता कुणाकडेच कारण उरलं नव्हतं.

बंडीत मशीन, मशीनवर टोपलं, टोपल्यात दहा जीव.
मिस्त्री म्हणाला, "जाता जाता खिडकी तं दाखवून जा,
कुठी पाह्यजे."
मी कापडाचा निळा खडू काढला,
पडणाऱ्या भिंतीवर चौकट आखली.
मागच्या बाजूला. मोठी.

"अन् खिळे?"
"खिळे नोका ठोकू. मी आल्यावर पाहू."
"स्लॅबले दहा दिवस पाणी मारलं का झालं मंग, या."

मी टोपल्यावर फडकं सारखं करत होते.
म्हटलं, "एकवीस मारा भाऊ.
घाई नाई."