मोठं करून

मुहर्रक. रात्रपाळी.
शहजाद्याच्या काळ्या चष्म्यात
एक मुलगी आहे म्हणे, नखाएवढी.
"मोठं कर," साहेब म्हणाले.
केलं.
करक चहाचा कागदी पेला दिसला,
मागे ओढणी की शीड, कळेना.
"अजून."
मग नुसतेच चौकोन, करडे, तपकिरी,
आणि माझ्या खुर्चीमागे उभे सातजण
एकेका चौकोनाला नाव देऊ लागले:
राजदूताची पोर. नर्स आहे रे. छे, लेबनानची.

बावीसचा तो. माझ्या धाकट्याएवढा.
बाहीवर चहा सांडलाय त्याच्या
आणि हसतोय.
ते कुणी मोठं करायला सांगितलं नाही.

माझ्या पाकिटात एक फोटो आहे, कडेने कापलेला.
माझ्या खांद्यावर तिची फक्त बोटं उरलीत.
चिपळूणला बायकोने पाहिलाय तो.
चष्मा न लावता.