आस

खेळाच्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी,
म्हणून परुळेकर बाईंनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली.
मी चित्रकलेचा. मला फुटबॉलमधलं एवढंच माहीत
की लांबचा माणूस लहान दिसतो
आणि गोलचे खांब कागदावर कधी सरळ येत नाहीत.
आमचे जमिनीवरही येत नव्हते :
सुरूची दोन लाकडं, वर आडवा बांबू.

मैदान मिठागराच्या कडेला.
पुनवेच्या उधाणाला खाडी कॉर्नरपर्यंत येऊन जायची,
मग आठवडाभर तिथे पांढरी रेघ.
घसरून पडलं की सोललेल्या गुडघ्यात मीठ.
रडलं कोणी नाही. मालवणी शिव्या मात्र
मी त्या हंगामात पुष्कळ शिकलो.

जाळं आबू गिरपाने दिलं,
रापणीतून बाद झालेलं, हिरवं,
पोरगा दिगू आमचा गोलकीपर म्हणून.
जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात,
तेही मला त्याच दिवशी कळलं.

कुडाळकडून पाच.
बांद्याकडून चार, त्यातला एक आमच्याच डोक्याला लागून.
मालवणकडून किती, ते बाईंना अजून सांगितलेलं नाही.
ओवेस गणपतीनंतर गोव्याला गेला, काकाच्या ट्रॉलरवर;
त्याचे बूट तो यशोधरला देऊन गेला,
दीड नंबर मोठे, पुढे कागद कोंबून चालणारे.
बांगडा लागला त्या सकाळी सरावाला तिघेच,
आणि एक कुत्रा.
रापणीची दोरी ओढली तर वाटा मिळतो,
चेंडूमागे धावून काय मिळतं, एका आईने विचारलं.
तिच्या टोपलीतले मासे अजून उडत होते.
मी म्हटलं, बघू.

शेवटचा सामना घरी, सावंतवाडीशी.
ते बसने आले, सहा चेंडू घेऊन.
आमचा अकरावा कायतान,
दम्याचा पंप मोज्यात खोचून.
मध्यंतराला आम्ही एकच खाल्ला होता.
एकच! पोरं लिंबू चोखत हसत होती.

मग यशोधरने उजवीकडून,
त्या कागद कोंबलेल्या बुटाने, असा काही मारला
की चेंडू खांबाच्या आतल्या अंगाला लागला,
आत गेला,
आणि जाळ्यातून पार निघून
मिठागरात तरंगत राहिला.
पंच मधल्या रेषेच्याही मागे होता.
त्याला पाण्यातला चेंडू दिसला. म्हणाला, बाहेरून गेला.

“आत गेल्लो, सर! आतच गेल्लो. मियां बगलंय!”
मीही बघितलं होतं.
त्यांच्या गोलकीपरनेही.
तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला,
बराच वेळ बांधत राहिला.
पलीकडच्या टोकाला दिगू, कमरेवर हात,
फार लहान दिसत होता.

संध्याकाळी आबू आला, लाकडी सुई
आणि निळ्या नायलॉनचं रीळ घेऊन.
“खंय तां भोक?”
यशोधरने काही न बोलता त्यातून डोकं घातलं,
कानांसकट, आणि पलीकडून
आमच्याकडे बघत उभा राहिला.
आबूही बघत राहिला थोडा वेळ.
“गेल्लोच असतलो,” म्हणाला,
आणि खाली बसून विणायला लागला,
दर गाठीला दोन बोटांनी माप घेत.

हिरव्यात निळं.
चार-पाच आस बाकी होते
तेव्हा दिसेनासं झालं.
कोणीतरी मोबाईलचा उजेड धरला.