तिसऱ्या वर्षीचं वासरू

येरोच्या बापाने आमची लाल गाय राखणीला नेली
तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.
कागद केला नाही. साक्षीला एक बाभूळ,
आणि माझ्या बापाने दातांनी तोडून अर्धी दिलेली कोलाची बी.
दूध फुलान्यांचं,
शेण आमच्या कांद्याच्या वाफ्यांना,
दर तिसऱ्या वर्षीचं वासरू आमचं.
चाळीस वर्षं हा हिशेब कुणी बोटांवरसुद्धा मोजला नाही.

सुगी सरली की त्यांची गुरं आमच्या बाजरीच्या धसकटांत शिरायची.
येरोची बायको ताक्को डोईवर भोपळ्याचं भांडं घेऊन यायची
आणि झाकण उचलायच्या आधी शिवी द्यायची:
कांदेखाऊ, उठलीस का?
मी म्हणायची, आली बघा गाईच्या शेपटीला बांधलेली.
मग दुधाला बाजरी, मापाला माप,
वर एक मूठ शिवीची.

मग मोटरसायकली आल्या.
एकेकीवर दोघे, तोंडाला फडकी.
ढोल बंद झाला. मुखवटे गुहेतच राहिले,
मेलेल्याला नाचून निरोप देणं म्हणे पाप.
मास्तर रातोरात गेला, फळ्यावर अर्धा भागाकार ठेवून.
जकात म्हणून त्यांनी येरोच्याही कळपातली चार जनावरं हाकली,
आणि त्याचा धाकटा, देम्बा,
तो आपणहून त्यांच्या मागे बसला की बसवला,
ताक्कोने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
त्या दिवशी पहिल्यांदा
आम्ही शिवी न देता दूध मोजलं.

आमच्या गावात तोगुना आहे, पुरुषांची बसायची जागा.
छप्पर मुद्दाम ठेंगणं,
रागाने उठेल त्याचं डोकं तुळईला आपटावं
आणि त्याने मुकाट खाली बसावं म्हणून.
त्या वर्षी तरण्या पोरांनी तिथं बसणं सोडलं.
शिकारी म्हणवून घेऊ लागली,
अंगभर ताईत, खांद्याला बंदुका.
जे ठरलं ते उघड्यावर ठरलं,
उभ्याने.

पहाटे खालच्या मैदानात धूर दिसला.
वास वर यायला वेळ लागला.
तो कसला ते मला कळलं
आणि मी पात खुडत राहिले.

दुपारी माझा आंतिम्बे घरी आला.
चुलीशी भोपळ्याचं एक भांडं ठेवलं.
म्हणाला, आई, चांगलं आहे, वापर.
कडेला तडा होता, लाल दोऱ्याने शिवलेला.
दोरा माझा. मीच दिला होता ताक्कोला,
गेल्या की त्याच्या आदल्या सुगीला.

चौथ्या रात्री गाय आली.
माझ्या बापाच्या गाईची खापरपणती,
मागचा पाय भाजलेला, कास तटतटून दगड झालेली.
वासरू बरोबर नव्हतं.
हे तिसरं वर्ष होतं.
वासरू आमचं होतं.

ती दारात उभी राहून हंबरली.
आत आंतिम्बे भिंतीकडे तोंड करून झोपला होता;
झोपला नव्हता.
आम्ही कांद्याची माणसं, धार काढणं आमचं काम नाही.
मी हात लावला, तिने पान्हा चोरला.
ताक्को जिभेने काढायची तो आवाज काढला,
कानसुद्धा हलला नाही.
मग दुसरं काही सुचेना तेव्हा म्हटलं,
हळू, तिच्याच सुरात:
कांदेखाऊ, उठलीस का?

गाईने मान वळवली.
माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या अंधाराकडे,
कोण आलं ते बघायला.
आणि सड ओले झाले.

घरात दूध धरायजोगं भांडं एकच.
मी आंतिम्बेला हाक मारली,
म्हटलं, ते घेऊन ये. तूच धर.
तो उठला, आला,
भांडं छातीशी धरून उंबऱ्यात उभा राहिला.
आमचं दार पुरेसं उंच आहे.
धुळीत दूध पडल्याचा आवाज
मी तोवर कधी ऐकला नव्हता.