चाळीस मिनिटांत अकरा फुलं

रेकॉर्डर जुना, ब्रह्मपुरीच्या मोबाईलवाल्याकडून
अर्ध्या पैशांत घेतलेला. माईकला वारा लागू नये म्हणून
भावाचा एक पायमोजा चढवला.
तो अजून शोधतोय.

पहिला महिना नुसता कचरा जमला.
माझाच श्वास, माझ्याच बांगड्या.
कुठंही गेले तरी मध्ये मीच वाजायची.
मग बांगड्या खुंटीला टांगल्या.
पुस्तकलाकाकूंनी विचारलं, काहून व, काही झालं का?
नाही म्हटलं, आवाज होतो.

मग सापडत गेलं एकेक.
भातगिरणीचा पट्टा फिरण्याआधी एकदा खाकरतो.
बोडीत जाळं पडतं तेव्हा छप् होत नाही,
चादर झटकल्यासारखं फर्रर्र, आणि मागून शिशाचे मणी.
हातपंपावर पंचफुला असली की तीन लांब, एक तोकडा;
तिचा नवरा असला की सगळेच तोकडे.
कुंपणाच्या तारेला माईक बांधला तर
तार रात्रभर स्वतःशी गुणगुणते,
रानातलं कुणी अंग घासून गेलं
की तेवढ्यापुरती गप्प.

ग्रामपंचायतीत मी दाखले छापते.
पाचनंतर तोच कॉम्प्युटर माझा.
रहिवासी, उत्पन्न, मृत्यू,
आणि त्याखाली एक फोल्डर, ‘गाव’.
तिथं मी रात्र रचली. सतरा मिनिटांची.
आधी रातवा, मग कोल्हे, मग बेडूक,
कानाला गोड लागेल अशा बेतानं.

डोमाजी मडावी तीस वर्षं धानाच्या जागलीला जातात.
त्यांना हेडफोन लावून दिला.
डोळे मिटून सगळं ऐकलं, दुपट्ट्याखालून वायर लोंबत.
म्हणाले, पोरी, तुही रात उलटी हाये.
कोल्हे पयले. जेवनाच्या टायमाले.
रातवा मंग. अना कार्तिकात बेडकं कोठून आणली तू?
डुकरं कोठी हायेत?
डुकराबिगर धानाची रात होते का व?

डुकरं मिळाली नव्हती. सात रात्री बसले होते.
मग त्यांनीच तंबाखू थुंकला,
हनुवटी छातीला टेकवली आणि काढला तो आवाज,
घशातून नाही, पोटाखालच्या चिखलातून.
मग लोंब्या मोडल्याचा, जिभेनं.
मग पिलांचा, जरा मागं, डावीकडं.
बावन्न सेकंद. मी बटण दाबायला विसरले,
म्हणून त्यापुढं त्यांचं हसू आहे
आणि त्यापुढं बराच खोकला.

रात्र पुन्हा लावली, त्यांच्या क्रमानं.
खोटी डुकरं नवव्या मिनिटाला.
अंगणात स्पीकरवर वाजवली तेव्हा
शेजारीपाजारी ऐकून घेत होते, कुणी जांभई देत होतं.
नवव्या मिनिटाला आमचा भुऱ्या उठला, पाठीवरचे केस ताठ,
आणि धानाच्या पुंजण्याकडं भुंकत सुटला.
डोमाजींनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

एक फाईल मात्र कुठंच बसत नाही.
चैत्राची अखेर, मोह सरत आलेला, पहाटेचे चार.
झाडाखालची जागा आईनं झाडून ठेवलेली,
पानं नाहीत, म्हणून आवाज बारीक.
चाळीस मिनिटं. अकरा फुलं.
सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये इतका वेळ जातो
की दर वेळी वाटतं, बॅटरी संपली.

कापून तीन मिनिटांची करता येईल.
कात्रीचं बटण समोरच असतं.
मी बांगड्या काढून दाखल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवते
आणि सातव्याची वाट बघते.